दोन टाक्यांची फुली

माझी आई फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की लेकीनं आईला साखरेत घोळवून मांडलं. आज ती एक्याऐंशीची आहे. कानांनी कमी ऐकू येतं, पण तिला ऐकू येऊ नये म्हणून काही बोललं की ते बरोबर ऐकू येतं. परवा शेजारची नवी सून कौतुकानं म्हणाली, "आजी, तुम्ही आयुष्यात किती सोसलंत!" आई म्हणाली, "सोसायला मी काय भिंत आहे? मी उलट बोलले." सून बिचारी चहाचा कप तसाच ठेवून गेली.

आमची वसाहत एकशे चाळीस खोल्यांची. बहुतेक माणसं कागदाच्या कारखान्यात कामाला. पण ही वसाहत कारखान्यानं बांधलेली नव्हती, चार-पाच कडक डोक्याच्या माणसांनी मिळून वसवलेली होती. जगात घाण फार झाली, आपण तेवढे स्वच्छ राहू, असं त्यांनी ठरवलं. नुसतं ठरवून गप्प बसले असते तर बरं झालं असतं, पण त्यांनी नियमावली लिहिली. दारू नाही, पत्ते नाहीत, सभेत हसणं नाही आणि कापडावर शोभा नाही. शोभा म्हणजे काठ, नक्षी, रंगीत बटण, काहीही. सगळ्यांनी पांढरंच घालायचं. पांढरे सदरे, पांढरे झगे, पांढऱ्या चादरी, पांढरे अभ्रे. रविवारी सभेला माणसं रांगेनं निघाली की पिठाची पोती चालायला लागल्यासारखी दिसायची.

आता एकशे चाळीस घरांचे कपडे पांढरे, आणि धुलाईघर एक. सोमवारी गाठोडी यायची, बुधवारी भट्टीवरच्या हंड्यांत कपडे उकळायचे, गुरुवारी दोऱ्यांवर आणि शुक्रवारी घरोघर परत. मग कोणाचा सदरा कोणाचा हे कळणार कसं? त्यासाठी खुणा. प्रत्येक कपड्याच्या आतल्या कोपऱ्यात निळ्या धाग्यानं खोलीचा नंबर, पुरुषाला एक ठिपका, बाईला दोन, पोरांना तीन. गाठोडं आलं की खुणा तपासायच्या, उसवलेल्या नीट करायच्या, नव्या कपड्यावर नवी घालायची. हे काम माझ्या आईचं. तिला सगळे खूणबाई म्हणायचे. अख्ख्या वसाहतीत सुई-धाग्याचं एवढंच काम नियमात बसत होतं, बोटभर जागेत.

चोविसाव्या वर्षी खूणबाईला मूल झालं. ते मूल म्हणजे मी. लग्न नव्हतं झालेलं.

मंडळानं आईला बोलावलं. मंडळाचे अध्यक्ष होते कलमकाका. हे नाव आम्हा पोरांनी ठेवलेलं. बायकोनं भाजीत मीठ कमी पडलंय म्हटलं तरी हा माणूस कोणत्या कलमाखाली ते विचारेल, असा. आई मला दुपट्यात गुंडाळून घेऊन गेली. पुढचं मी तिच्याकडूनच ऐकलंय, निदान शंभर वेळा.

"बाळाचा बाप कोण?"

"बाळाला आई आहे."

"विचारलं त्याचं उत्तर द्या."

"विचारणाऱ्यांनी आधी आपापल्या घरी जाऊन विचारून यावं."

झालं! आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, अशी सवय असलेल्या लोकांना हे कसं झोंबलं असेल, सांगायला नको. चिटणीसबाई, म्हणजे मंडळाच्या चिटणिसांची बायको, भर सभेत उठून म्हणाली, "असल्या बाईची सुई आमच्या कपड्याला लागायला नको." पण खुणा घालायला दुसरं कोणी नव्हतं. त्यामुळे सुई चालली, बाई चालली नाही. आमच्यावर फुली बसली.

फुलीचं कलम असं होतं. ज्या घरावर दोष, त्या घराच्या प्रत्येक वस्त्रावर लाल फुली. त्या घराचे कपडे भट्टीत टाकायचे नाहीत, वेगळ्या बादलीत धुवायचे. आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी अध्यक्ष नियमावलीतून वाचणार, "ज्या घराच्या वस्त्रावर फुली असेल, त्या घराने उभे राहावे. उभे असलेल्यांनी मागील बाकावर जावे." मागचं बाक म्हणजे दाराशेजारचं, एक पाय डुगडुगणारं. पाच माणसांचं.

आता आमच्या कपड्यांवर फुली घालणार कोण? खुणा घालणारी बाई एकच. म्हणजे आईनं स्वतःच स्वतःच्या कपड्यावर शिक्षा शिवायची. मंडळाच्या कोठीतून तिला लाल धाग्याचं एक रीळ मिळालं. स्वस्तातलं, कच्च्या रंगाचं. पहिल्याच धुण्यात रंग सुटला आणि माझी झबली, दुपटी, लंगोट सगळं गुलाबी झालं. अख्ख्या पांढऱ्या वसाहतीत एकच गुलाबी पोर. आईनं मला उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाली, "वा! खुलून दिसतेस की." पण पुढच्या खेपेला तिनं बाजारातून पक्क्या रंगाचा लाल धागा आणला आणि मंडळाचं रीळ खणात टाकून दिलं. ते तिथं एकोणीस वर्षं पडून होतं, हे लक्षात ठेवा.

पक्का धागा कशाला? तर आईनं नियमावली नीट वाचली होती. त्यात लिहिलं होतं, लाल फुली असावी. किती असाव्यात ते लिहिलं नव्हतं. आणि सुईकामात एक टाका असतो, त्याला फुलीचाच टाका म्हणतात. एक टाका तिरका, त्याच्यावर दुसरा उलटा तिरका, झाली फुली. अशा बारीक फुल्या एकाशेजारी एक भरत गेलं की पान होतं, फूल होतं, पोपट होतो. मी चार वर्षांची असताना माझ्या झग्याच्या घेरावर पोपटांची जोडी होती. लाल पोपट. लोकांचे डोळे दिपले.

कलमकाका तरातरा धुलाईघरात आले. "ही शोभा आहे!"

"शोभा कुठली? फुल्या आहेत. मोजून घ्या."

आणि काय सांगू, त्या माणसानं खिशातून चष्मा काढला, मला स्टुलावर उभं केलं आणि खरंच मोजल्या. तीनशे बारा भरल्या.

आई म्हणाली, "शिक्षा एका फुलीची होती, मी तीनशे बारा भोगतेय. कमी करू का? तसं लिहून द्या."

कमी करा असं मंडळ लिहून देणार कसं? शिक्षा सौम्य केल्यासारखं झालं असतं. अळीमिळी गुपचिळी. पोपट राहिले.

पण मी खोटं बोलणार नाही, मला ते पोपट नको होते. मला पांढरा झगा हवा होता, सगळ्यांसारखा. पोरं मला 'ए फुली' म्हणून हाक मारायची. एकाचा मी दात पाडला. पडायलाच आला होता म्हणा, पण पाडला तो मीच. रडत घरी आले आणि आईला म्हणाले, "तू त्यांना नाव का नाही सांगत? सांगून टाक ना, म्हणजे फुली जाईल."

आईनं हातातलं काम खाली ठेवलं. ती क्वचितच ठेवते. "तुला बाप कशाला हवाय? तू झाल्यावर ज्यानं बावीस दिवस लांबून माझ्या खोलीतला दिवा बघितला आणि दार वाजवलं नाही, त्याचं नाव घेऊन मी माझं तोंड का विटाळू?" मग तिनं माझ्या झग्याचा कोपरा ओढला. "ही फुली बघ. दोन टाके असतात. खालचा उसवला तरी वरचा त्याला धरून ठेवतो. एकटा टाका कधी फुली होत नाही. तुला फुली म्हणतात ना? मग म्हणावं, हो, आम्ही दोघी आहोत."

मला तेव्हा पटलं नाही. सात वर्षांच्या पोरीला असलं काही पटत नाही. पण लक्षात राहिलं.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही उठायचो. आई मुद्दाम पहिल्या रांगेत जाऊन बसायची, म्हणजे मागे जायला अख्खं सभागृह चालावं लागेल. "आई, आधीच मागे बसू ना," मी विनवायची. "का? आपण होऊन का म्हणून? त्यांना सांगू दे. दर महिन्याला सांगू दे. त्यांचं तोंड दुखू दे." आणि मग ती चपला वाजवत, ताठ मानेनं, सावकाश चालायची. मी तिच्या मागे, मान खाली घालून. बाराव्या वर्षी माझी मान वर आली. सोळाव्या वर्षी मीही चपला वाजवायला लागले.

तर असं चाललं होतं. मी एकोणीस वर्षांची झाले, खुणा घालायला आईच्या हाताखाली लागले. आणि चिमणीचं प्रकरण झालं.

चिमणी म्हणजे चिटणिसांची मुलगी. माझ्याहून वर्षभरानं मोठी, बालवर्गाला शिकवायची. आवाज बारीक म्हणून चिमणी. पोरं तिच्यावर जीव टाकायची. तिच्या बोटाला नेहमी कोणी तरी लोंबकळलेलं असायचं. तिला दिवस गेले. ज्याच्यामुळे गेले तो कारखान्यात चार महिने यंत्र बसवायला आला होता, यंत्र बसवून गेला.

मंडळाची बैठक झाली, दारं लावून. ठरलं असं की चिमणीवर फुली. पण चिटणिसांच्या घरावर नको, कारण मग चिटणिसांनाच मागच्या बाकावर जावं लागलं असतं! म्हणून तिला घराबाहेर काढून कोळशाच्या खोलीत ठेवायचं, त्या खोलीला एकशे एकेचाळीस नंबर द्यायचा, म्हणजे ती वेगळं घर. बालवर्ग बंद. येणारा रविवार महिन्याचा पहिलाच होता. त्या दिवशी तिला सगळ्यांसमोर उभं करायचं आणि तिथूनच कोळशाच्या खोलीत धाडायचं.

सोमवारी सकाळी मंडळाचा शिपाई आईच्या हातात चिठ्ठी देऊन गेला. चिटणिसांचं अक्षर, खाली मंडळाचा शिक्का. आईनं वाचली, परत वाचली आणि माझ्यापुढे धरली. "मोठ्यानं वाच."

मी वाचलं, "सोमवारी येणाऱ्या कपड्यांवर लाल फुली घालावी."

"पुढे?"

"पुढे काही नाही. सही आहे."

"कोणाच्या कपड्यांवर?"

"लिहिलं नाही."

बापाचा हात धजावला नव्हता. पोरीचं नाव लिहायचं नाही, घराचा नंबर लिहायचा नाही आणि एकशे एकेचाळीसही लिहवेना. शरमेपायी माणसानं हुकूमच अर्धा लिहिला होता. खूणबाईला काय ते कळेल, अशा भरवशावर.

दुपारी चिटणीसबाई स्वतः आली. एकोणीस वर्षांत तिनं धुलाईघराचा उंबरा ओलांडला नव्हता, गाठोडं नेहमी कोणाच्या तरी हाती पाठवायची. आज काखेत गाठोडं, मागे चिमणी. चिमणीचे डोळे सुजलेले. चिटणीसबाईनं गाठोडं टेबलावर ठेवलं आणि सोडलंच नाही, दोन्ही हातांनी दाबून धरलं.

"खूणबाई," ती म्हणाली, "यात माझ्या पोरीचे कपडे आहेत. घालू नको फुली. मी तुझ्या पाया पडते."

मी काय म्हणाले ते सांगते, लपवत नाही. मी म्हणाले, "आई, घाल. चांगली हातभर घाल. हिलाही कळू दे. ज्याचं जळतं त्यालाच कळतं ना? मग आता जळू दे!" एवढ्या वर्षांचं सगळं तोंडात आलं होतं. पोपट, दात, दर महिन्याचा रविवार.

आईनं माझ्याकडे असं बघितलं की मी उठून उभी राहिले.

"गप्प बस. एकोणीस वर्षं मी मागच्या बाकावर बसले ती काय दुसरीसाठी जागा धरून ठेवायला?"

मग ती चिटणीसबाईकडे वळली. गोड वगैरे बोलली असेल असं समजू नका. "तू तेव्हा काय बोललीस ते माझ्या लक्षात आहे. शब्दन् शब्द आहे. मरेपर्यंत राहील. आता पाया-बिया पडू नको, मला वेळ नाही. सुईत धागा ओवता येतो का?"

"येतो."

"मग बस."

आईनं खण उघडला. मंडळाचं रीळ बाहेर काढलं. एकोणीस वर्षांत वरचा थर थोडा फिका पडला होता, आतला धागा अजून भडक होता. तिनं चिठ्ठी टेबलावर ठेवली, वर कात्री ठेवली, उडू नये म्हणून.

"लेखी हुकूम आहे. सोमवारी येणाऱ्या कपड्यांवर फुली. आज सोमवार. कपडे आलेत." तिनं भिंतीला लागून रचलेल्या गाठोड्यांकडे हात केला. एकशे चाळीस घरांची गाठोडी. "मी कधी हुकूम मोडलाय का?"

मला आधी उमजलंच नाही. चिमणीला उमजलं. ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडून म्हणाली, "पण खूणमावशी, हा धागा कच्चा आहे. रंग जाईल."

"मंडळाचा धागा आहे, बाळ. मंडळानं दिलेला मंडळासाठीच वापरायचा. मी कोण पक्का-कच्चा ठरवणार?"

चिटणीसबाईची नजर गाठोड्यांवरून फिरली. मी मनात म्हटलं, आता ही उठणार आणि जाऊन सांगणार. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. पण तिनं स्वतःच्याच गाठोड्याची गाठ सोडली. वर नवऱ्याचा सदरा होता, सभेला घालायचा. तिनं त्याचा कोपरा उलटला आणि माझ्या आईला विचारलं, "कुठून सुरू करू?"

"खालून वर. मग उलटा. ताणू नको, कापड चुणतं."

चिटणिसांच्या सदऱ्यावरची ती फुली वेडीवाकडी आली. आईनं ती बघितली आणि चक्क चालवून घेतली. मला ती असली फुली दहादा उसवायला लावते.

सोमवारची दुपार आणि मंगळवारचा अख्खा दिवस आम्ही चौघी बसलो. फुलीला दोन टाके, पाच-सहा सेकंद. सदऱ्यावर, झग्यावर, चादरीवर, अभ्र्यावर. कलमकाकांच्या घरच्या चादरीवर मी घातली. दोन घातल्या, खरं सांगायचं तर. चिमणीला मध्येच हसू आलं. तिच्या आईनं सवयीनं दटावलं आणि मग स्वतःच तोंडावर हात धरून हसायला लागली.

बुधवारी भट्टी लागली. फुलीचे कपडे वेगळ्या बादलीत धुवायचे हे कलम होतं, पण एकशे चाळीस घरांना पुरेल एवढी बादली आणायची कुठून? भट्टीवाले काका वयानं सगळ्यांत मोठे, जन्मभर वाफेत उभे राहून तांबूस झालेले. कपडे उकळायला लागले तसे ते काठीवर एक चादर उचलून घेऊन आले. चादर निथळत होती, गुलाबी.

"खूणबाई, रंग सुटतोय."

"हो का? मंडळाचा धागा आहे, काका."

काकांनी चादरीकडे बघितलं. कोपऱ्यातली फुली बघितली. मग शेजारच्या हंड्याकडे, मग चिमणीकडे. ती खाली मान घालून उभी होती.

"मला मोतीबिंदू आहे," ते म्हणाले. "मला सगळं पांढरंच दिसतं." आणि जाऊन त्यांनी भट्टीत आणखी दोन फावडी कोळसा टाकला.

गुरुवारी दोऱ्यांवर गुलाबी. या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुठं फिकं, कुठं चट्टेपट्टे, पण पांढरं म्हणून काही उरलं नव्हतं. शुक्रवारी घरोघर कपडे गेले आणि जो गोंधळ उडाला तो विचारू नका. बायका धुलाईघरावर चालून आल्या. हे काय? ही फुली कसली? आमच्या घरावर? आम्ही काय केलं?

आईनं चिठ्ठी दाराला टाचली होती. तिनं फक्त बोट दाखवलं. "शिक्का बघा. मी हुकमाची ताबेदार. तक्रार मंडळाकडे करा."

बायकांनी चिठ्ठी वाचली, पुरुषांनी वाचली. चिटणिसांना विचारलं, तर ते काय सांगणार? "मला फक्त माझ्या मुलीचे कपडे म्हणायचं होतं," असं भर रस्त्यात बोलायला जीभ वळायला हवी ना. ते आजारी पडले. आणि आमची माणसं तर अशी, की लेखी असलं आणि वर शिक्का असला की प्रश्न संपला. कुरकुरतील, शिव्या घालतील, पण मोडणार नाहीत. जन्मभर तेच शिकवलं होतं त्यांना. कलमकाकांनी घाईघाईनं फुल्या उसवायची नोटीस काढायची ठरवली, पण लेखी हुकूम रद्द करायला पूर्ण मंडळाची बैठक लागते, असं त्यांचंच कलम होतं. चिटणीस आजारी. बैठक होईना.

रविवार आला. सभा चुकवायची मुभा नव्हती, आणि सभेला मळके कपडे घालून यायचीही नव्हती. एकशे चाळीस घरं गुलाबी कपड्यांत सभागृहात येऊन बसली. म्हातारे, बाया, बाप्ये, पोरं. पोरांना तर आनंद झाला होता, ती एकमेकांचे सदरे ओढून कोणाचा जास्त गुलाबी ते ठरवत होती. आम्ही नेहमीसारख्या पहिल्या रांगेत. चिमणी तिच्या आईशेजारी, चौथ्या रांगेत. तिचे हात मांडीवर घट्ट धरलेले मला दिसत होते.

व्यासपीठावर कलमकाका आले. त्यांच्या पेटीत एक कोरा सदरा ठेवणीतला होता, तो त्यांनी घातला होता. कडक इस्त्रीचा, शुभ्र पांढरा. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की अख्ख्या सभागृहात बिनफुलीचा, वेगळा दिसणारा माणूस तो एकच आहे. त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण ते सारखे कॉलर चाचपत होते.

त्यांनी वाचू नये, एवढी अक्कल त्यांना यायला हवी होती. पण पहिला रविवार. कलम वाचायचं म्हणजे वाचायचं. चाळीस वर्षांत एकदाही गाळलं नव्हतं. आणि मनात असंही असेल की ज्या पोरीसाठी हे वाचायचं तिला ते कळेलच.

"ज्या घराच्या वस्त्रावर फुली असेल," त्यांनी वाचलं, "त्या घराने उभे राहावे."

आई उठली. मी उठले. हे नेहमीचंच. पण मागे बाकं करकरली. मी वळून बघितलं. तिसऱ्या रांगेतले एक आजोबा सदऱ्याचा कोपरा उलटून बघत होते. फुली दिसली, तसे ते गुडघ्यावर हात टेकून उठले. त्यांच्यामागे त्यांचा मुलगा, सून, नातवंडं. मग शेजारचं घर. कोणी धैर्यानं उठलं असं सांगणार नाही मी, उगाच कोणाला मोठं करायचं नाही. ते नियम म्हणून उठले. कपाळाला आठ्या घालून, पुटपुटत, कोपरे तपासत. फुली आहे ना? आहे. मग उठा. कलमकाकांची बायकोसुद्धा उठली.

"तू खाली बस," ते वरून दबक्या आवाजात म्हणाले.

"चादरीवर दोन आहेत," ती म्हणाली. "मी मोजल्या." आणि ती उभीच राहिली.

चिमणी उभी होती. पण कुठं उभी होती ते शोधावं लागत होतं, एवढी माणसं उभी होती.

कलमकाकांनी पुढची ओळ वाचायला नको होती. पण पुढची ओळ समोर होती, बोट तिच्यावर ठेवलेलं होतं. त्यांच्या तोंडून ती आपोआप निघाली. "उभे असलेल्यांनी मागील बाकावर जावे."

आणि लोक निघाले! एकशे चाळीस घरं, पाच माणसांच्या बाकाकडे. जी काही रेटारेटी झाली! पोरं खांद्यावर, म्हाताऱ्या कडेला, कोणाची चप्पल निसटली, कोणी म्हणतंय सरका, कोणी म्हणतंय सरकू कुठं, भिंत आहे. डुगडुगणारा पाय शेवटी मोडला आणि बाकासकट सहा-सातजण खाली आले. कोणीतरी हसलं. सभेत हसायचं नसतं. आणखी कोणीतरी हसलं. मग ते थांबेचना.

पुढची सगळी बाकं रिकामी. त्या रिकाम्या बाकांसमोर पांढरा सदरा घालून एकटा माणूस उभा, हातात नियमावली.

मी सवयीनं मागे निघाले होते. आईनं माझा दंड धरला.

"कुठं चाललीस? तिकडं जागा आहे का?"

आणि ती पहिल्या बाकावर बसली. मधोमध. झग्याच्या चुण्या नीट केल्या, मला शेजारी ओढलं आणि मागे वळून त्या खच्चून भरलेल्या गर्दीत हाक मारली, "चिमणे! ये गं इकडं. पोटुशी बाई उभी राहते का कुठं?"

मोठ्यानं म्हणाली. तो शब्द त्या सभागृहात तोवर कोणी उच्चारला नव्हता. गर्दी बाजूला झाली. चिमणी तेवढं अख्खं सभागृह चालत आली, उलट्या दिशेनं. मागून पुढे. आधी मान खाली होती. निम्म्यावर आल्यावर तिनं ती वर केली. तिच्यामागे तिची आई आली आणि माझ्या आईशेजारी बसली, नजर समोर ठेवून.

कलमकाका नियमावलीची पानं उलटत होते. पुढे, मागे, परत पुढे. मागचं बाक भरलं तर काय करायचं, याचं कलम त्यात नव्हतं.

शेवटी आई म्हणाली, "काका, सापडत नसेल तर राहू दे. आम्ही बसतो इथंच. तुम्ही मागे कुठं जागा होते का बघा."